जुने आधी जाणार

साताऱ्यात रानफुलांच्या मागे हिंडणाऱ्या चौघांचा एक गट होता. गटाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. पाऊस लागून पठारं हिरवी झाली की रविवारी पहाटे बापूंची वडापची जीप राजवाड्यासमोर उभी राही. मग चौघं कधी कासला, कधी चाळकेवाडीला, तर कधी नकाशात नावही नसलेल्या एखाद्या सड्यावर जात. तिघं फोटो काढत. बापू काढत नसत. ते जीप कडेला लावून गुराख्यांशी बोलत बसत आणि परतीच्या वाटेवर मधूनच सांगत, "त्या डबक्याच्या अंगाला पांढरं कायतरी फुललंय म्हणं. पुढल्या रविवारी बघू."

फोटो काढणाऱ्या तिघांच्या तीन तऱ्हा होत्या.

मॅनेजरसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटी हातात आल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती मॅक्रो लेन्सची. जांभ्याच्या ओल्या कातळावर पालथं पडून ते सीतेच्या आसवांचा असा फोटो काढत, की निळ्या पाकळीवरची शीर न् शीर दिसावी. पठारावर वारा थांबत नाही. फूल क्षणभर स्थिर होईल म्हणून ते कोपरं खरचटेपर्यंत वाट बघत. त्यांच्या फोटोंना तोड नव्हती, आणि हे बाकीचे मोकळेपणाने कबूल करत. पण फोटो काढून झाला की साहेबांचं काम संपे. फूल कुठलं, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला, हे त्यांनी कधी लिहिलं नाही. कॅमेऱ्याचं घड्याळही लावलेलं नव्हतं, त्यामुळे बॅटरी काढून घातली की कॅमेऱ्याच्या हिशेबी पुन्हा १ जानेवारी उजाडायची.

सिस्टर ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. वाड्यावस्त्यांवर लसीकरणासाठी फिरताना म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी झाडांची नावं गोळा केली होती. फुलाचं नाव अडलं की सगळे सिस्टरांकडे बघत. इंटरनेटवर त्यांचा विश्वास नव्हता. पोवई नाक्यावरच्या एका स्टुडिओत त्या चांगले फोटो छापून घेत, अल्बममध्ये लावत आणि प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवून बॉलपेनाने नाव, ठिकाण, तारीख लिहीत. त्यांचा नियम एकच होता : आपलं ते आपल्या कपाटात.

आणि मास्तर. तालुक्याच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं. खिशात मावणारा साधा कॅमेरा, त्यात फोटो बरेचदा हललेले. तरुणपणी त्यांनी मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम पाहिलं होतं. कागदावर दाबून चिकटवलेली कितीतरी वर्षांपूर्वीची झाडं त्यांनी तिथे बघितली. फूल तपकिरी पडलेलं, पाकळ्यांचा रंग केव्हाच उडालेला. तरी खालच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर झाडाचं नाव, जागा, दिवस आणि ते गोळा करणाऱ्याचं नाव स्पष्ट होतं. त्या चिठ्ठीमुळे त्या वाळक्या काडीला किंमत होती. तेव्हापासून मास्तर दर पावसाळ्याला एक शंभर पानी वही घालत. कोणत्या रविवारी कुठे गेलो, कोण कोण होतं, ऊन होतं की धुकं, काय काय फुललं होतं, हे सगळं वहीत येई.

२०१३ च्या मे महिन्यात फ्लिकर या फोटो ठेवायच्या संकेतस्थळाने प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट द्यायला सुरुवात केली. फोटो जमवणाऱ्यांना हे नाव तोवर ठाऊक झालं होतं. कॅनडातल्या व्हँकूवर शहरात २००४ मध्ये ते सुरू झालं, पुढच्याच वर्षी याहूने विकत घेतलं. पण फुकट खात्यात तोवर शेवटचे दोनशेच फोटो दिसत. आता लाखो मावणार होते. साहेबांच्या बंगळुरूच्या मुलाने खातं उघडून दिलं आणि त्या पावसाळ्यात साहेबांनी २००७ पासूनचे सगळे फोल्डर ओळीने चढवले. निवड केली नाही, कारण निवडायची गरजच उरली नव्हती. एकाच सोनकीचे चाळीस फोटो असतील तर चाळीसही चढले. मग जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, सीड्याही गेल्या. "आता घरात पसारा कशाला?" साहेब म्हणाले.

मास्तरांनीही तिथेच खातं काढलं, शाळेतल्या मुलांना फोटो बघता यावेत म्हणून. तिथे प्रत्येक फोटोवर कोणाचा किती हक्क, हे आपण ठरवू शकतो. साहेबांनी 'सर्व हक्क राखीव' निवडलं आणि वर आपल्या नावाचा ठसाही उमटवला. मास्तरांनी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडला. २००२ पासून जगभर चालत आलेला हा परवाना सांगतो : ज्याचा फोटो त्याचं नाव द्या आणि खुशाल वापरा.

यावरून जीपमध्ये नेहमी वाद होई.

"मास्तर, तुमचे फोटो कोणीही उचलून नेतो."

"न्यायलाच ठेवलेत, साहेब."

"तुमचं नाव तरी लावतात का?"

"काही लावतात, काही नाही लावत. फुलाचं नाव बरोबर लावलं म्हणजे मला पुरे."

साहेबांच्या बोलण्यात फक्त मालकीहक्क नव्हता. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीत एखाद्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. त्यांचे कंद लोक उकरून खातात, आणि अलीकडे फोटोसाठी येणारे आजूबाजूचं गवत तुडवून जागेची वाट लावतात. २०१२ मध्ये कासचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यानंतर तिथे उसळलेली गर्दी चौघांनीही पाहिली होती. म्हणून साहेब फोटोही देत नसत आणि ठिकाणही सांगत नसत. ही भीती खरी होती. मास्तरांकडे तिला उत्तर नव्हतं.

२०१८ साली लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात, १ नोव्हेंबरला, फ्लिकरने नवे नियम जाहीर केले. फुकटचा टेराबाइट बंद. फुकट खात्यात फक्त एक हजार फोटो राहतील. ज्यांचे त्याहून जास्त असतील त्यांना ८ जानेवारीपासून नवे चढवता येणार नाहीत. ५ फेब्रुवारीपासून जादा फोटो काढून टाकले जातील, आणि काढताना सर्वांत आधी चढवलेले आधी जातील. सगळे ठेवायचे असतील तर वर्षाला सुमारे पन्नास डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीन हजारांच्या घरात. महिनाअखेरीपर्यंत भरले तर पहिल्या वर्षी तीस टक्के सूट.

सिस्टरांचे फोटो छापणाऱ्या स्टुडिओतल्या मुलीने साहेबांना हे वाचून दाखवलं. त्यांच्या खात्यात अकरा हजारांवर फोटो होते. त्यांनी लगेच हिशोब केला : सगळ्यात आधी चढवला होता २००७ चा फोल्डर.

संध्याकाळी ते मास्तरांकडे गेले. फराळाचं ताट समोर आलं, त्याला हात लावला नाही.

"फुकट आहे म्हणून आपणहून बोलावलं, सामान आणायला लावलं, आणि आता म्हणतात भाडं द्या नाहीतर बाहेर फेकतो!"

"घर विकलं गेलं, साहेब. नवा मालक भाडं मागतोय."

"अहो, भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं!"

"भाडेकरूला असतं," मास्तर म्हणाले. "पाच वर्षं आपण पाहुणे होतो."

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्मगमग नावाच्या कंपनीने फ्लिकर विकत घेतलं होतं. २००२ पासून चालणारी ही एका कुटुंबाची कंपनी. तिचा धंदा जाहिरातींवर नव्हता, वर्गणीवर होता. याहूने टेराबाइट वाटला तो लोकांनी यावं आणि जाहिराती बघाव्यात म्हणून. त्या जागेचा खर्च कोणीतरी भरतच होतं. नव्या मालकांनी हे उघड सांगितलं, आणि फुकट खातेदारांपैकी ९७ टक्क्यांचे फोटो हजाराच्या आतच आहेत, हेही सांगितलं. मला त्यांचं पैसे मागणं रास्त वाटतं. गुपचूप बंद पडून सगळं घेऊन बुडण्यापेक्षा तोंडावर दर सांगणारा बरा. रास्त वाटत नाही ते जुन्यावर आधी घाव घालणं. हौशी माणसाचा नवा फोटो त्याच्या फोनमध्ये असतोच. ज्याची दुसरी प्रत उरलेली नाही, तो फोटो जुना असतो. पाच वर्षं सवय लावल्यावर तीन महिन्यांची मुदत द्यायची आणि जुने आधी काढायचे, यात या माणसांचा विचार झाला नव्हता. पुढे लोकांच्या विनंतीवरून मुदत १२ मार्चपर्यंत वाढवली गेली, तरी क्रम तोच राहिला.

मास्तरांचे फोटो सोळाशे होते. त्यांनी निमूटपणे सहाशे बाजूला काढायला घेतले. तेवढ्यात फ्लिकरचा खुलासा आला : १ नोव्हेंबरच्या आधी जे फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात होते, ते हजाराच्या वर असले तरी काढले जाणार नाहीत.

साहेबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग मुलीला म्हणाले, "माझ्या सगळ्या फोटोंना तोच परवाना लाव. आज, आत्ता."

"लावता येईल काका, पण आता उपयोग नाही. एक तारखेच्या आधी लावलेले असतील तेच."

मास्तर तिथेच होते. त्यांनी ही बातमी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरली नाही. ते एवढंच म्हणाले, "साहेब, पैसे भरा. वर्षभराची सवड मिळेल. पुढचं पुढे बघू."

साहेबांचं कार्ड परदेशी व्यवहाराला बंद होतं, म्हणून मुलीने स्टुडिओच्या कार्डावरून भरले आणि साहेबांनी रोख दिले. सूट धरून अडीच हजारांच्या आसपास. अकरा हजार फोटो वाचले. त्या रात्री साहेबांना शांत झोप लागली असेल. पण मास्तरांनी दुसऱ्या दिवशी जो प्रश्न विचारला, तो साडेतीन हजार काय, साडेतीन लाख भरूनही सुटणारा नव्हता.

"साहेब, वाचलं ते नेमकं काय, हे आता बघायला हवं."

त्यांनी फोटो उतरवून घ्यायला सुरुवात केली. फ्लिकरवरून सगळं एकदम मागवलं की फोटोंचे गठ्ठे वेगळे येतात आणि शीर्षकं, टिपा यांच्या फायली वेगळ्या. ज्यांनी हौसेने प्रत्येक फोटोखाली चार ओळी लिहिल्या होत्या, त्यांना त्या जोडत बसावं लागलं. साहेबांना जोडायला काहीच नव्हतं. 'डीएससी' आणि पुढे चार आकडे, एवढंच प्रत्येक फोटोचं नाव. स्टुडिओतून एक टीबीची हार्ड डिस्क आणली, तिच्यावर सगळे फोटो घेतले. मग थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी दोघं साहेबांच्या गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसू लागले. मास्तरांच्या मांडीवर २००७ ची वही.

"हा कुठला?"

"कासचा असेल."

"मागे जांभा दिसत नाही, माती काळी आहे. कास नाही हा."

"मग ठोसेघर."

"असेल. कधीचा?"

साहेब गप्प बसत. फोटो सुंदर असे, दव टिपलेलं असे, पाकळीवरचा कोळीसुद्धा स्पष्ट असे. पण तो फोटो कोणत्या पठारावर कोणत्या वर्षी काय होतं, हे सांगू शकत नसे. मास्तरांच्या वहीत 'गेंद, सोनकी, तेरडा भरपूर, साहेबांनी एका फुलाचे बरेच फोटो काढले' अशी नोंद सापडे. पण ते फूल कोणतं आणि फोटो कोणते? काही जुळे, बरंचसं जुळत नसे. चाळीस सोनक्यांतून एक निवडणं तर साहेबांना फार जड गेलं. तरी त्यांनी निवडलं. पाच वर्षांत जे त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं, ते आता रोज पाहत होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा खरा लाभ.

सिस्टर तोवर मुलाकडे सांगलीला राहायला गेल्या होत्या. फोनवर हे ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्या अल्बमना कोण भाडं मागणार आहे?" त्यांचे बावीस अल्बम मुलाच्या घरात खालच्या मजल्यावरच्या कपाटात नीट लावलेले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. २००५ चा पूर बघितलेल्यांनी त्या वेळच्या खुणेवर भरवसा ठेवला होता, आणि पाणी ती खूण ओलांडून गेलं. सिस्टरांनी नातवाला, औषधांना, रेशनकार्डाला वर नेलं. अल्बम खाली राहिले. पाणी घरात कितीतरी दिवस होतं.

रस्ता सुरू झाल्यावर बापू जीपमध्ये पाण्याचे कॅन, बिस्किटांची खोकी आणि चादरी भरून सांगलीला गेले. येताना सिस्टरांनी त्यांच्याकडे चिखलाने जड झालेले अल्बम दिले. "फेकवत नाहीत मला. तुम्ही न्या," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेबांच्या गच्चीवर चौघांपैकी तिघं ते अल्बम सोडवत बसले. प्लॅस्टिकखालचे फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवले की रंग निघून हाताला लागे, कागद पांढरा पडे. एकेका अल्बममधून चार-दोन फोटोही हाती लागेनात. पण चिठ्ठ्या वाचता येत होत्या. बॉलपेनाची शाई टिकली होती. 'दीपकाडी, कास, बंगल्याच्या मागे.' 'चवर, महाबळेश्वर रस्ता.' 'आषाढ आमरी, यवतेश्वरचा घाट.' प्रत्येकीखाली तारीख.

मास्तरांनी एक चिठ्ठी उन्हात धरली आणि साहेबांकडे वळून बघितलं. एका गच्चीवर आता नावाविना हजारो फोटो होते आणि फोटोविना शेकडो नावं. दोन्ही त्याच रविवारांची. कारण जिथे सिस्टर उभ्या होत्या, तिथेच दोन हातांवर साहेब पालथे पडलेले असत.

पुढचे दोन महिने ते जुळवणीचं काम चाललं. वहीवरून तारीख धरायची, त्या तारखेच्या चिठ्ठ्या काढायच्या, मग त्या दिवसाचे फोटो शोधायचे. सिस्टर फोनवरून मदत करत. "दीपकाडीनंतर आपण डबक्याकडे गेलो होतो, त्याच्या आधीचे चार फोटो बघा." स्टुडिओतली मुलगी फाइलच्या पोटातच नाव, ठिकाण, तारीख लिहून ठेवत होती, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी चिठ्ठी त्याच्याबरोबर जाईल.

दिवाळीनंतर कोल्हापूरहून एक संशोधक मुलगी साताऱ्याला आली. पठारांवरच्या हंगामी डबक्यांतल्या वनस्पतींवर तिचं काम चाललं होतं. मास्तरांचा एक हललेला फोटो तिला खुल्या परवान्यामुळे सापडला होता, आणि फोटोखाली मास्तरांनी सवयीने ठिकाण आणि तारीख लिहिलेली होती. तिला वायतुऱ्याच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. ही पाणवनस्पती साताऱ्याच्या आसपासच्या पठारांवरची. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, त्यातच जिल्ह्याचं नाव आलेलं. पावसाळ्यात उथळ डबक्यात उगवते, पाण्याबाहेर दोन फाट्यांचा गुलाबीसर तुरा काढते, आणि डबकं आटलं की कंदाच्या रूपाने जमिनीत निजून जाते. डबक्यात मुरूम पडला की सगळंच संपतं. उन्हाळ्यात तिथे झाड होतं हे दाखवायला काहीच नसतं.

मास्तरांनी सिस्टरांची एक चिठ्ठी पुढे केली. 'वायतुरा. बापूंच्या मेव्हण्याच्या गोठ्यावरचं डबकं. १९ ऑगस्ट २००७.' मास्तरांच्या वहीत त्या रविवारी नोंद होती : 'माझी बॅटरी संपली. साहेबांनी काढले.' साहेबांनी २००७ चा फोल्डर उघडला. सर्वांत आधी चढवलेला, आणि पैसे भरले नसते तर सर्वांत आधी जाणारा. त्यात बारा फोटो होते. अकरा तुऱ्याचे, अगदी जवळून. बाराव्यात साहेब उठून उभे राहिले असावेत. त्यात अख्खं डबकं दिसत होतं, मागे उतरता कातळ आणि कडेला पत्र्याचा गोठा.

बापूंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"ह्यो गोठा आता नाय. त्या अंगानं रस्ता गेला. डबकं बुजवलं, मुरूम टाकला. मीच दोन खेपा मारल्या होत्या तवा." मग थोडं थांबून म्हणाले, "हे झाड असलं कायतरी हाय, हे कुणी सांगितलं असतं तर..." पुढे बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बापूंनी त्या मुलीला जागेवर नेऊन उभं केलं. रस्त्याच्या वरच्या बाजूला कातळात आणखी एक खोलगट जागा आहे आणि पावसात तिथे पाणी धरतं, हे त्यांनीच दाखवलं. पुढच्या पावसात तिथे बघायचं ठरलं.

जाण्यापूर्वी साहेबांनी तिला आपली जुनी शंका विचारली : ठिकाण उघड केलं तर लोक येऊन उकरणार, मग काय करायचं? तिचं उत्तर सरळ होतं. नाव आणि तारीख सगळ्यांना द्यायची. दुर्मीळ झाडाचं नेमकं ठिकाण मात्र फक्त हर्बेरियमला आणि अभ्यासकाला द्यायचं. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम ढोबळच दाखवतात. लपवायची ती वाट, झाडाची नोंद नव्हे. इतकी वर्षं मास्तरांना जे उत्तर सुचलं नव्हतं, ते ऐकून मास्तरही वहीत लिहून घेऊ लागले.

नोव्हेंबरमध्ये साहेबांचं वर्ष संपलं. या वेळी सूट नव्हती. त्यांनी पूर्ण पैसे भरले, कुरकुर न करता. त्यांनी निवडलेले सातशे फोटो क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये दिले, नावाचा ठसा काढून. कंदीलपुष्पांचे दिले नाहीत, आणि मास्तरांनी आग्रह केला नाही. हार्ड डिस्कची एक प्रत साहेबांकडे आहे, दुसरी सिस्टरांच्या सुनेच्या माहेरी कऱ्हाडला, वरच्या मजल्यावर. एक कोल्हापूरला गेली. चिठ्ठ्या वाळवून मास्तरांच्या कपाटात ठेवल्या आहेत आणि त्या प्रत्येकीचा फोटो काढलेला आहे. सिस्टरांनी नवा अल्बम घेतला. आता त्या फोटो छापतात तेव्हा दोन प्रती छापतात.

साहेबांचे सहा हजारांवर फोटो अजून नावावाचून आहेत. गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी काम चालतं.

ज्यांच्याकडे सडे, पठारं, डबकी, देवराया यांचे वीस वर्षांपूर्वीचे फोटो असतील, मग ते फ्लिकरवर असोत, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये असोत की कपाटातल्या अल्बममध्ये, त्यांनी ते या दिवाळीच्या आत काढावेत. बरोबर जे कोणी होते त्यांना, गाडी चालवणाऱ्यालासुद्धा, शेजारी बसवून नाव, गाव आणि साल लिहावं. आणि एक प्रत जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन द्यावी.